रंग उडालेलं तेल

"बघा सिस्टर, कसं पाण्यासारखं केलंय!" मावशींनी तेलाची वाटी खिडकीतल्या उजेडात धरली. आता कौतुक होणार, याची त्यांना खात्री होती.

मावशी स्वयंपाक करत त्या मुलींच्या वसतिगृहात अलीकडे तांबडं पामतेल येऊ लागलं होतं. तो गडद रंग बघूनच मावशींना कसंतरी व्हायचं. असलं गढूळ काही पोरांच्या पोटात जायला नको, म्हणून त्या ते रोज धूर निघेपर्यंत तापवत. रंग पार उडाला की मगच त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

वसतिगृहाच्या नर्स असलेल्या सिस्टरनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, तो रंगच तर डोळ्यांसाठी मागवलाय! गाजरात असतो ना, तोच. इतकं तापवलं की जळून जातो तो."

मावशींच्या डोळ्यांपुढे लवंगी उभी राहिली. दिवसभर कुणाच्या बापाचं न ऐकणारी ही पोर अंधारून आलं की मुकाट भिंत चाचपत चालायची. जेवण झालं की मावशीच तिला हाताला धरून अंगणापलीकडच्या खोलीत पोचवत. भित्री म्हणून सगळे तिला चिडवत.

"आपल्या लवंगीला अंधारात दिसत नाही ते यामुळंच! माझ्याच हातानं जाळली हो मी पोरीची नजर!" मावशींना रडू आवरेना.

"रातांधळेपणा असेल, पण अजून वेळ गेलेली नाही. तिला आजच डॉक्टरांकडे नेते, औषध लागेल. तुम्ही तेवढी आच मंद ठेवा. धूर यायच्या आत भाजी टाकायची."

दुसऱ्या दिवशी मावशी कढईपाशी खिळून उभ्या राहिल्या. तेल तापलं, कांदा हळूहळू मऊ झाला, आणि रंग जिथल्या तिथे! उभा जन्म चुलीपुढे गेला, पण तेलाकडे असं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. या एवढ्याशा तांबडेपणात एका पोरीची संध्याकाळ मावते, या विचारानं त्यांनी आच आणखी मंद केली.

"मावशी, कांदा कधी व्हायचा?" मदतनीस बाई कुरकुरली.

"होईल गं. गप बघत राहा."

काही आठवड्यांनी, दिवस मावळल्यावर, मावशींनी एप्रनला हात पुसून नेहमीसारखा पुढे केला. लवंगी तोवर अंगणात पोचलीसुद्धा होती.

"मावशी, माझा फ्रॉक दोरीवरच राहिलाय की!"

त्या अंधारात मावशींना स्वतःला ना दोरी दिसत होती, ना फ्रॉक. लवंगीनं तो ओढून काढला, खांद्यावर टाकला आणि मागे न बघता खोलीकडे धूम ठोकली.

मावशींचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग त्यांनी तो पुन्हा एकदा एप्रनला पुसला.