हंड्यांतला समुद्र

आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही त्याच्या मनात असलं तर. अशा अकोल्यात, भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर मी खाऱ्या पाण्याचे मासे पाळते. लोकांचं मला वेडी म्हणून झालेलं आहे. माझ्या सासूबाई इंदूबाई त्यातल्या त्यात सभ्यपणे म्हणाल्या होत्या, "मानसाले प्यायले पानी नाही अन् मासोयाले समुद्र."

नवरा धारणीला नोकरीला, शनिवारी येतो. एरवी घरात आम्ही दोघी आणि केशरी-पांढऱ्या माशांची एक जोडी. त्या जोडीवर माझा जीव आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. खाली घरमालक पंजाबराव राहतात. माशांची टाकी वर चढवतानाच त्यांनी बजावलं होतं, "म्याडम, पान्याचा एक थेंब माह्या छतातून आला, तं त्याच दिवशी टाकी बाहेर." त्यांच्या छताला नवंकोरं पीओपी होतं, आणि माणूस शब्द फिरवणारा नव्हे.

म्हणून मी बंदोबस्त पक्का केला होता. मोठी टाकी वर, तिच्या खालच्या कपाटात छोटी. पंप छोटीतलं पाणी वर चढवतो, जादा झालेलं पाणी आपोआप खाली उतरतं. वीज गेली की पंप थांबतो आणि तोच चढवणारा पाइप उलट वरचं पाणी खाली ओढू लागतो. त्यावर उपाय दोन. पाइपला पाण्याच्या पातळीलगत बारीक छिद्र पाडायचं, म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. तोवर जे येईल त्यासाठी खालची टाकी निम्मी रिकामी ठेवायची. तिच्यावर मी लाल नेलपॉलिशनं रेघ मारली होती.

त्या रिकाम्या अर्ध्या टाकीनं सासूबाईंची झोप उडवली. बाळापूरकडच्या खेड्यात त्यांनी उभा जन्म डोक्यावरून पाणी वाहिलेलं. घरात रिकामं भांडं दिसलं की त्या ते भरायला धावतात.

"हे कावून रिकामं ठेवून राहिली वं?"

"येणाऱ्या पाण्यासाठी, आई."

"येनारं पानी कोनी पाह्यलं?"

मी पेपर तपासायला अमरावतीला गेले आणि नेमका त्या दिवशी नळ आला. माशांसाठी मीठ कालवून ठेवलेला छोटा ड्रम त्यांना नळाच्या पाण्यासाठी हवा होता. त्यातलं खारं पाणी त्यांनी खालच्या टाकीत ओतलं, काठोकाठ. मग ड्रम भरला, स्टीलचे हंडे भरले, पातेली भरली. दुपारी वीज गेली.

फोन आला तेव्हा मी परतीच्या बसमध्ये होते, मूर्तिजापूरच्या अलीकडे. "रश्मी, तुही टाकी उतू चालली," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, नंतर उचललाच नाही. उरलेल्या रस्त्यात मी मनातल्या मनात त्यांना जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. मासे कुणाला द्यायचे तेही ठरवत होते आणि डोळे पुसत होते.

घरी पोचले तर पंजाबराव ओट्यावर पेपर वाचत होते. "लाइन आत्ताच आली," म्हणाले. छताचा विषयच नाही.

वर दार उघडं होतं. फरशी पुसलेली, उंबऱ्याशी गोधड्यांचा बांध. खोलीभर हंडे आणि पातेली. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. मासे जागच्या जागी फिरत होते. मी एका हंड्यात बोट बुडवून चाटलं. खारट. दुसराही खारट. ड्रमसुद्धा.

"आई, नळाचं पाणी कुठंय?"

"मोरीत ओतलं."

"मग हे खारंच मोरीत ओतायचं ना!" माझा आवाज चढला.

"गोडं पानी येते पुन्हा," त्या म्हणाल्या. "समुद्र अकोल्यात कुठून येईन?"

मी पाइपाकडे वळले. छिद्र शेवाळानं बुजलं होतं. दर रविवारी ते सुईनं टोचून मोकळं करायचं काम माझं, ते पेपरांच्या गडबडीत राहून गेलं होतं. पाणी रेघेपर्यंत असतं तरी टाकी आज उतू गेलीच असती. बसमध्ये जमवलेली वाक्यं तिथंच विरली. मी त्यांना छिद्र दाखवलं, चूक माझीही आहे म्हणून सांगितलं.

"मले त्यातलं काय कयते," त्या म्हणाल्या. "मी आपली उपसत गेली. घरात एक भांडं रिकामं पायजे होतं, अन् एकबी नव्हतं."

कोपऱ्यात तांब्याची कळशी होती. तिच्यातलं पाणी तेवढं गोड लागलं. तांबं आणि साबण टाकीतल्या जिवांना विष, असं मी एकदा त्यांच्यावर खेकसले होते. म्हणून खारं पाणी भरताना धुण्याच्या बादल्या आणि ही कळशी त्यांनी वगळली होती. पुढचा नळ येईपर्यंत प्यायला एवढंच.

त्यांनी कळशीतून पेला भरला, आणि माझ्यापुढे केला तो अर्धाच. आमच्या घरी त्यांनी कधी कुणालाही अर्धा पेला दिलेला मी पाहिला नव्हता.

"पे. पुरवाचं हाय," त्या म्हणाल्या.

मी त्यातलंही निम्मंच प्याले आणि पेला त्यांच्या हातात परत दिला.