कानांच्या दवाखान्यातला सोफा

मी सोफा बोलतोय. रंग विचाराल तर एकेकाळी हिरवा होतो. आता ज्याला जसा दिसेन तसा. तीन माणसं ऐसपैस बसतील, चौथं आलं तर थोडं सरकून घ्यावं लागेल, एवढा माझा पसारा.

कारखान्यात सुतारानं माझा सांगाडा ठोकला आणि एका बाईनं कापड शिवून अंगावर चढवलं. दुकानात उभा होतो तेव्हा वाटायचं, आपण कुणाच्या तरी घरी जाणार, पोरंटोरं अंगावर उड्या मारणार. पण मला घेतलं एका डॉक्टरीणबाईंनी, आणि नेऊन ठेवलं त्यांच्या कानांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत.

तिथं माझ्यावर बहुधा जोडीनं माणसं यायची. एकाला ऐकू येत नसे आणि दुसरा त्याच्या वतीनं बोलत असे. "कधीपासून त्रास होतोय?" असं नवऱ्याला विचारलं की बायको सांगे, आणि नवरा नुसती मान डोलावे. बघता बघता ऐकू न येणारी माणसं मी बसण्यावरूनच ओळखायला लागलो. ती कोपरा धरतात. बरा कान लोकांकडे करतात. पाठ टेकत नाहीत. आणि सगळे हसले की ती हसतात, पण जराशी उशिरा.

एक दिवस तिथं तो नोकरीला लागला. परदेशातून आलेला, असं सगळे म्हणत. त्याच्या हिशेबानं तोच परदेशात आला होता. उंच, खांदे पाडून चालणारा, कपाळावर केस. घरून फोन आला की पलीकडून आई "छोट्या" म्हणून हाक मारी, आणि हा दारात वाकून आत शिरणारा माणूस "ओ" देई. तेव्हापासून माझ्यासाठीही तो छोट्याच. त्याची भाषा मला कशी येते म्हणाल, तर सोफ्याला दुसरं काम काय? ऐकत पडायचं.

छोट्या कान तपासायचा. बंद खोलीत माणसाला बसवायचा, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचा. बारीकशी शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मग कानात गुलाबी लगदा भरून साचा घ्यायचा, आणि काही दिवसांनी त्या मापाचं यंत्र कानात बसवून द्यायचा. बायको कितीही पुढे पुढे बोलली तरी हा स्टूल ओढून नवऱ्याच्याच समोर बसे, आपलं तोंड त्याला नीट दिसेल असा.

"पहिले काही दिवस पेपरचं पान उलटलं तरी पत्रा वाजल्यासारखं वाटेल," तो सांगे. "नळ, भांडी, स्वतःच्या चपला, सगळं एकदम अंगावर येईल. घाबरायचं नाही. डोकं हळूहळू प्रत्येकाला आपापल्या जागी बसवतं."

यंत्र लावून बाहेर आलेली माणसं माझ्यावर टेकत. कुणी स्वतःशीच पुटपुटून बघे, कुणी रडे. छोट्या तेव्हा मुद्दाम दुसरीकडे बघत राही.

मग दवाखान्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. पुसायला सोप्या, म्हणे. मला टाकून द्यायचं ठरलं. छोट्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मी नेऊ का घरी?" काउंटरवर बसणारी बाई, तिला मी काउंटरवालीच म्हणतो, ती मदतीला आली. जिन्याच्या वळणावर मी असा अडकलो की वरची माणसं वर आणि खालची खाली. ती हसत सुटली, हा घामाघूम. शेवटी माझे पाय काढून मला आडवं वर नेलं. उशिरा का होईना, मी घरी आलो.

घर म्हणजे एकच खोली. त्यातच ओटा, त्यातच पलंग. खिडकीतून समोरच्या लाँड्रीचं अंगण दिसे. संध्याकाळी छोट्या आला की किल्ल्या माझ्या हातावर टाकी, सकाळचं जेवण गरम करी आणि ताट मांडीवर घेऊन बसे. दिवसभर दुसऱ्यांशी मोठ्यानं, सावकाश बोलून त्याचा घसा दुखे. घरी आल्यावर मात्र त्याच्याशी बोलायला मी, आणि मी हा असा.

सुट्टीच्या दिवशी दुपारी सिनेमा. त्यात खंड नाही. पडदे ओढायचे, चहाचा मोठा मग घ्यायचा, आणि आपल्या भाषेतला सिनेमा लावायचा. नवा चांगला असला तर नवा, नाहीतर जुनाच परत. कधीकधी तो सिनेमा बघतच नसे, डोळे मिटून नुसता ऐके. कुणी "अगं बाई" म्हटलं, कुणी "चल, हो बाजूला" म्हटलं, की त्याचा चेहरा सैल पडे.

पुढे पुढे काउंटरवालीही येऊ लागली. तिला भाषा कळत नसे, ती खालच्या ओळी वाची.

"ती बाई एवढा वेळ बोलली आणि खाली दोनच शब्द?" ती विचारी.

"तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तुमच्या भाषेत त्याला शब्द नाहीत."

एकदा असाच एक सिनेमा चालू होता. त्यात मुलगा घर सोडून निघतो आणि बाप दारात उभा असतो. छोट्यानं सिनेमा थांबवला आणि काउंटरवालीकडे वळला. मग म्हणाला, "निघताना मी बाबांना विचारलं होतं. म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तर नाही जात. ते माझ्याकडे बघत पण नव्हते. पायरीवर ठेवलेली माझी बॅग बघत होते. 'जा, जा' म्हणाले."

"रागावून?"

"मग काय तर! अजून राग गेलेला नाही. फोनवर दोन शब्द बोलतात आणि आईकडे देतात."

ते खरंच होतं. दर रविवारी मी ऐकत होतो. "हॅलो. बरा आहेस ना? हं, घे, आईशी बोल." संपलं. मग आई सगळं सांगे, बाबांचंही तीच सांगे. फोन ठेवला की छोट्या माझ्या पाठीवर डोकं टेकून छताकडे बघत राही.

एका वर्षी त्यानं दोघांना बोलावून घेतलं. घर धुऊन पुसून काढलं, माझ्यावर नवी चादर घातली, आपला पलंग आईबाबांना दिला आणि स्वतः माझ्यावर झोपू लागला, पाय बाहेर लोंबकळत.

आई दारातूनच बोलत आली. "किती रे वाळलास! आणि हे काय, पडदे कधी धुतले होतेस?" बाबा मागून आले. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, ताठ. जन्मभर शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरी केलेली. ते आले आणि माझ्यावर बसले.

कोपरा धरून. डावा कान लोकांकडे करून. पाठ न टेकता.

मी लगेच ओळखलं. असे किती तरी माझ्या अंगावर बसून गेले होते. छोट्यानं विचारलं, "प्रवास कसा झाला, बाबा?" आणि आई म्हणाली, "छान झाला, त्यांना खिडकी मिळाली." बाबांनी मान डोलावली. छोट्या वळून चहा ओतू लागला. दिवसभर लोकांमध्ये जे हेरायचा, ते घरात त्याला दिसेना. अरे, बघ ना! पण सोफ्याला तोंड कुठलं?

पुढचे दिवस असेच गेले. छोट्या सकाळी कामावर जाई. आई कपाटं लावी, बाबा खिडकीशी बसून लाँड्रीतल्या चादरी वाळताना बघत. मुलगा आला की बापलेक एकमेकांशी जपून, पाहुण्यासारखे वागत.

सुट्टीच्या दुपारी छोट्यानं बाबांच्या आवडीचा जुना सिनेमा लावला. सायकलच्या दुकानातल्या दोन भावांची गंमत होती ती. तिघं ओळीनं बसले. बाबा घरी सिनेमा बघताना गप्प बसत नसत, हे मला छोट्याकडून माहीत होतं. आता काय होणार ते आधीच सांगायचे, खलनायकाला दम द्यायचे, आई वैतागायची. आज ते गप्प होते. मध्येच आई चष्मा घ्यायला वाकली आणि रिमोट तिच्याखाली आला. माझ्या गादीत तो रुतलेला मला कळला. आवाज बंद झाला.

"अगं बाई, काय झालं?" आई उठली. छोट्याही उठला. दोघं उशा उचलून रिमोट शोधू लागले.

बाबा सिनेमा बघत होते. पडद्यावर धाकटा भाऊ तोंड वेडंवाकडं करून काहीतरी म्हणाला, आणि बाबा हसले. बरोबर त्या जागी हसले, सिनेमा पाठ होता त्यांना. मग त्यांनी मान वळवली, उशा उचललेल्या बघितल्या आणि म्हणाले, "काय शोधताय रे?"

छोट्याचा हात माझ्या गादीखाली तसाच राहिला. त्यात रिमोट होता, पण तो काढेना.

"काही नाही, बाबा," तो म्हणाला. आणि ओट्याकडे गेला. आई मागोमाग गेली.

"कधीपासून?" त्यानं हळूच विचारलं. हळू बोलायचीही गरज नव्हती.

"तू जायच्या आधीपासूनच थोडं थोडं," आई म्हणाली. "पंपांनी खाल्ले कान. मला म्हणाले, छोट्याला सांगायचं नाही. तो हेच काम करतो, सगळं टाकून धावत येईल."

"आणि फोन?"

"तू एक विचारणार, ते भलतंच उत्तर देणार, मग तुला कळणार. म्हणून द्यायचे माझ्याकडे. नंतर मला तुझा शब्द न् शब्द विचारून घ्यायचे. डोकं खायचे अगदी."

छोट्यानं नळ सोडला आणि उगाच धुतलेलेच कप पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी त्यानं दवाखान्यातून कान तपासायची पेटी आणली. स्टूल ओढून बाबांच्या समोर बसला, तोंड दिसेल असा.

"बाबा, हे नवं मशीन आहे. कुणावर तरी करून बघायचंय."

बाबांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "मला फसवतोस?"

"हो. फसवतोय. बसा."

बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हेडफोन त्यांनी स्वतःच चढवला. बटण मुठीत धरलं. छोट्या एकेक आवाज सोडू लागला. बटण दाबलं जाईना. आईनं पदर तोंडाशी धरला होता. मग एकदा दाबलं, मग पुन्हा नाही. छोट्याचा चेहरा दवाखान्यात असे तसाच शांत होता. फक्त तोच आवाज तो पुन्हा पुन्हा सोडत होता.

बाबांनी हेडफोन काढला. "वाजत नव्हतं, की मला ऐकू येत नव्हतं?"

"वाजत होतं, बाबा."

"हं." त्यांनी बटण हळूच माझ्यावर ठेवलं. "तू निघालास ना, तेव्हा दारात काहीतरी म्हणाला होतास. रिक्षा सुरू होती बाहेर. मला कळलं नाही. परत विचारायची लाज वाटली. मी आपलं 'जा, जा' म्हणालो. काय म्हणाला होतास?"

आई मुलाकडे बघत राहिली.

छोट्या हसला. "काही नाही हो. तब्येतीला जपा, म्हणालो होतो."

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी हात पुढे करून मुलाच्या कपाळावरचे केस मागे सारले. "जपलं असतं तर बरं झालं असतं."

आई उठली आणि चहा टाकायला गेली. चहा नुकताच झाला होता.

यंत्रं बसली. बाबा आठवडाभर वैतागले. "ही पिशवी किती ओरडते!" "तुझी आई एवढ्या मोठ्यानं चालते?" आणि परत जायच्या आधी सायकलवाल्या भावांचा सिनेमा पुन्हा लावला, तेव्हा बाबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंड मिटलं नाही. "आता बघ, हा पडणार. पडला!" काउंटरवाली मधोमध बसली होती. ती म्हणाली, "आज खालच्या ओळींपेक्षा हे जास्त बोलतायत." आई म्हणाली, "अहो, ऐकू द्या की!" मग स्वतःच्याच बोलण्याचं तिला हसू आलं, आणि तिनं डोळे पुसले.

आज मी इमारतीच्या फाटकाशी आहे. दवाखान्याची दुसरी शाखा लांबच्या गावात निघाली आहे आणि ती छोट्या सांभाळणार आहे. तिथली खोली सामानासकट मिळाली, माझ्यासाठी जागा नाही. माझ्यावर त्यानं कागद चिकटवलाय: चांगला आहे, हवा असेल त्यानं न्यावा.

सकाळी तो गाडीची वाट बघत माझ्यावर बसला होता, तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"निघालास का रे?"

"निघतोय, बाबा. गाडी येतेय."

"आवाज का असा येतोय तुझा?"

"कसा?"

"जड. मला फसवू नकोस आता."

"सोफा सोडून चाललोय, बाबा. काही नाही, उगाच."

पलीकडून बाबा म्हणाले, "मग बस की जरा. गाडी थांबेल."

तो बसला. गाडी आली, आणि खरंच थोडी थांबली.

मघाशी एक नवराबायको मला बघून गेले. ती दाबून बघत होती, तो हातानं माझी लांबी मोजत होता. टेप आणायला गेलेत, येतील बहुधा. त्यांच्याबरोबर एक आजीही होत्या. त्या सगळा वेळ मागे उभ्या होत्या, त्यांना कुणी काहीच विचारलं नाही.

आता तुम्ही इथं उभे आहातच, तर ते आले की एवढं सांगाल का? मला खुशाल न्या म्हणावं, पण आधी आजींना बसू द्या. आणि त्यांच्यासमोर बसून विचारा, आजी, तुम्हाला कसा वाटतो?