माइक तपासताना

मावशी रोज दुपारी गेम खेळे आणि तिला खेळताना बघायला जगभरातून मंडळी जमत. त्यांतल्या एकालाही तिचं खरं नाव ठाऊक नव्हतं. भांडी आवरली की ती मागच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसायची, हेडफोन चढवायची आणि म्हणायची, "आलात का रे सगळे? जेवलात?" ताप असो, पाहुणे असोत, हा नेम चुकला नव्हता. राक्षसावर तलवार उगारताना ती "माफ कर हो बाबा" म्हणे, आणि बघणारे हसून हसून लोळत.

आठवड्याचा पॉडकास्ट ती धाकट्या दिराबरोबर करायची. त्याचा खोकला कधी हटत नसे, म्हणून ऐकणाऱ्यांनी त्याचं नाव खोकल्या ठेवलं होतं. गेमच्या धंद्यात कोण काय काढतंय, कोण कुणाला गिळतंय, हे दोघं बुधवारी बोलून ठेवत आणि शुक्रवारी तो भाग बाहेर पडे.

बोलण्याआधी माइक तपासायची त्यांची एक रीत होती. दुसरे लोक एक-दोन-तीन म्हणतात. खोकल्याला ते पटत नसे. "आकडे म्हणताना आवाज पोकळ येतो, वहिनी. मनातलं काहीतरी खरं बोला. मी ऐकत नाही." आणि खरंच तो हेडफोन गळ्यात टाकून पडद्यावरची आवाजाची रेघ तेवढी बघे. रेघ नीट उठली की मान हलवी आणि पुढे तो तुकडा कापून टाके. त्यामुळे मावशी देवापुढे बोलावं तसं त्या माइकशी बोले. कधी गुडघ्याचं दुखणं, कधी नणंदेचं टोचणं, कधी नुसतंच, आज फार एकटं वाटतंय.

त्या सोमवारी तिचा थोरला भाऊ, दादा, जेवायला आला आणि ताटातलं चिवडत बसला. तो एका गेम कंपनीत दारं करायचा. गेममधल्या माणसाने दार ढकलावं, ते अडू नये, कुरकुरावं तर जुन्या घरासारखं कुरकुरावं, हे त्याचं काम; मावशी खेळताना बघणाऱ्यांना ते कौतुकाने सांगे. एकाच गेमवर राबून त्याचे केस पांढरे झाले होते.

"चिमे, मालक गेम गुंडाळतायत."

तिच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला.

"पण एक मोठी कंपनी तो विकत घ्यायला तयार आहे, आम्हा सगळ्यांसकट. शुक्रवारी सह्या. तोवर कुठे फुटता कामा नये. मालक हात वर करतायत हे कळलं की ते घेणारच नाहीत. मग आम्ही सगळे रस्त्यावर."

"मी कुणाला सांगतेय?"

"तुझ्या तोंडाचा भरवसा आहे म्हणूनच आलो. कुणापाशी तरी बोलल्यावाचून जीव जाईल असं झालं होतं."

बुधवारी मावशी माइकपुढे बसली. खोकल्याने हेडफोन गळ्यात टाकले. आणि तिच्या तोंडून जे आलं ते खरंच आलं. "दादाचा गेम बंद करतायत. पांढऱ्या केसांनी आता कुणाच्या दारात उभा राहील तो? देवा, शुक्रवारपर्यंत सांभाळ." रेघ अशी सुरेख उठली की खोकल्या म्हणाला, "वा! आज आवाज काय लागलाय!"

कापायचा तुकडा त्याने कापलाही. पण त्याने नुकतीच एक नवी सोय घेतली होती. मूळ ध्वनिमुद्रणातून सगळ्यात जिव्हाळ्याचं बोलणं आपोआप निवडायचं आणि भागाच्या आधी त्याची छोटी क्लिप सगळीकडे सोडायची. यंत्राला गुपित काय कळणार? त्याने मन लावून ऐकलं आणि बरोबर तेच निवडलं.

गुरुवारी दुपारी मावशी एका गुहेत शिरत होती, तोच बाजूच्या चॅटमध्ये ओळी धावू लागल्या. मावशी, रडू नकोस. मावशी, दारवाल्या दादांचाच गेम ना? कुणीतरी एका बातम्यांच्या साइटचा मथळा चिकटवला, त्यात त्या गेमचं नाव होतं. तिच्या हाताखालचा योद्धा भिंतीवर आपटत राहिला.

तिने माइक बंद करून दिराला हाक मारली. तो धावत आला आणि त्याने पडद्यावरच्या ओळी वाचल्या.

"क्लिप काढा, भावजी. आधी काढा."

"काढतो. पण वहिनी, लोकांनी कधीच उतरवून घेतली असेल."

तिने दादाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"एकच मार्ग आहे," खोकल्या खोकत म्हणाला. "नाटक होतं म्हणा. आवाजाचा सराव करत होते, म्हणा. लोक तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात."

म्हणूनच तर ते तिच्याने होत नव्हतं. रोज सकाळी अंघोळ झाली की ती हात जोडून मागायची ते एवढंच, जिभेवर खोटं येऊ देऊ नकोस. आज तिने डोळे मिटले आणि उलटं मागितलं. आजच्या दिवस येऊ दे. पाप माझ्या माथी.

तिने माइक चालू केला. "बाळांनो, ते खरं नाही हं. ते... मी रचलेलं होतं. सराव होता."

चॅटमध्ये एक ओळ आली. मावशी, आवाज पोकळ येतोय, माइक तपास ना. तिच्यामागे आणखी आल्या, तशाच, मायेने विचारणाऱ्या. एकानेही तिला खोटारडी म्हटलं नाही. तसं कुणी म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बातमी आली. घेणारी कंपनी मागे सरली होती. दादाच्या कंपनीत सगळ्यांना टेबलं आवरायला सांगितलं होतं. रात्री दादाचा एकच निरोप आला, "ऐकलं." बस्स. पुढचा फोन त्याने उचलला नाही, त्यापुढचाही नाही.

शुक्रवारी खोकल्याने बुधवारी केलेला भाग पुसून टाकला होता. "नवा करायला हवा, वहिनी. आणि ती बातमी सोडून कसा करणार? सगळं जग तीच बोलतंय."

"करू या," मावशी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येत नव्हता.

ती माइकपुढे बसली. खोकल्याने हेडफोन गळ्यात टाकले. पडद्यावरची रेघ सपाट पडून होती.

"बोला ना, वहिनी. काहीही."

दादा दर शुक्रवारी कामावर जाताना त्यांचा भाग ऐकायचा. आता जायला काम नव्हतं. तो ऐकेल की नाही, देव जाणे.

"दादा," ती म्हणाली, आणि रेघ हलली. "चूक माझी आहे. तू बोलू नकोस माझ्याशी, हवं तर. पण जेवायला ये. दार नुसतं लोटलंय, कडी लावलेली नाही."

रेघ उठली आणि पुन्हा सपाट झाली. खोकल्याने हेडफोन कानांवर चढवले आणि तेवढं पुन्हा ऐकलं. कापायला हात पुढे नेला, वहिनीकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

मग त्यांनी आठवड्याच्या बातम्या सांगायला सुरुवात केली. बोलता बोलता मावशीचा एक कान दाराकडे होता.