पत्ता टाकला की सगळं दिसतं

धाकटा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि दादा मालवाहू बोटीवर होता. आईला दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येईनासं झालं होतं. समोरचे हसले की तीही हसायची, जरा उशिरा. तिच्या कानाच्या मशीनसाठी दादा दर महिन्याला एका वेगळ्या खात्यात क्रिप्टोची नाणी पाठवायचा. ती बाहेर काढायचे बारा गुप्त शब्द एकट्या धाकट्याकडे होते. "पाठवण्यापलीकडे मला यातलं ओ की ठो कळत नाही, तूच सांभाळ," असं दादाच म्हणाला होता.

धाकट्याने त्यात तीनदा हात घातला. एकदा मोबाइलवरच्या पैजांत हरलेलं भरून काढायला, पुन्हा ते भरून काढायला, आणि तिसऱ्यांदा कशाला, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. घरी मशीनचा विषय निघाला की तो म्हणायचा, "सध्या भाव पडलाय. जरा थांबू."

एका दुपारी गच्चीवर लिफ्टच्या मोटार-खोलीत डबा खाताना जोडीदार चष्मिसने त्याच्यापुढे मोबाइल धरला. "हे बघ, कुठल्याही क्रिप्टो खात्याचा पत्ता इथे टाकायचा. नाणी कधी आली, कधी गेली, कुठे गेली, सगळं दिसतं."

"त्याला गुप्त शब्द लागत असतील ना?"

"ते काढायला लागतात. बघायला कशाला? कोणीही बघू शकतं."

धाकट्याने डबा झाकला. चष्मिस खाली गेल्यावर त्याने मशीनच्या खात्याचा पत्ता टाकला. यादी उघडली. त्याने काढलेल्या तीन रकमा तिथे होत्या, तारीखवार, मिनिटांसकट. शेवटची आईच्या वाढदिवसाची होती. पैजांत सगळं घालवून तो त्या दिवशी केक घेऊन घरी गेला होता.

त्यानंतर त्याने हे खातं उघडलंच नव्हतं. पण त्या नोंदीच्या वर आणखी नोंदी होत्या. गेले सात महिने, दर शनिवारी थोडी थोडी नाणी जमा होत होती. दादा ज्या पत्त्यावरून पाठवायचा तो वेगळा होता. हा पत्ता कोणाचा? त्याने तोही टाकून पाहिला. दर शुक्रवारी एका परदेशी कंपनीच्या नावाने थोडी नाणी यायची आणि शनिवारी जवळजवळ सगळीच मशीनच्या खात्यात जायची. वहिनी घरी बसून परदेशी व्हिडिओंचे संवाद टाइप करायची. तिचा पगार अशाच नाण्यांत, शुक्रवारी होतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तो अर्धा दिवस टाकून घरी आला. वहिनी कानाला हेडफोन लावून टाइप करत होती. त्याला पाहून तिने ते उतरवले.

"वहिनी, तुम्हाला कधीपासून माहितीये?"

काय, असं तिने विचारलं नाही. "माझेही थोडे टाकावेत म्हणून यांच्याकडून पत्ता घेतला होता. टाकण्याआधी एकदा बघितलं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर भाऊजी, तुम्ही अजून एक खोटं बोलला असता."

तो दाराशीच उभा राहिला.

"आणि गैरसमज नको," ती म्हणाली. "मी भरते ते आईंसाठी. तुम्हाला पाठीशी घालायला नाही. तुम्ही काढलेत त्याच्या अजून निम्मेही झाले नाहीत. यांना तुम्ही सांगताय की मी सांगू?"

त्याने तिच्यासमोरच फोन लावला. बोटीवरचा आवाज तुटक येत होता, म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागलं. "मी काढले, दादा. हो, मीच काढले."

"बारा शब्द तिला दे," दादा एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. नंतर दोन महिने तो धाकट्याशी बोलला नाही.

धाकट्याने मोटारसायकल विकली. त्यात आणि जमलेल्या नाण्यांत एका कानाचं मशीन आलं. ते बसवलं त्या संध्याकाळी आई घरभर फिरून नळ सोडून बघत होती, दार लावून बघत होती. मग तिने त्याचा हात धरला. "कितीला पडलं रे? तुम्हा मुलांना झळ तर नाही ना बसली?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आई, तुला हे केव्हाच मिळायला हवं होतं," धाकटा म्हणाला. "उशीर माझ्यामुळे झाला." आणि पुढचं सगळं त्याने हळू आवाजातच सांगितलं. ते तिला नीट ऐकू आलं.