तीन बधिर बोटं

बेचाळिसाव्या वर्षी गिटार शिकायला घेणारा माणूस एक तर खुळा असतो नाहीतर रिकामटेकडा, असं आमच्या कुंभिवलीत सगळ्यांचं मत. मी शिंपी. हायवेला लागून दुकान, दिवसभर मशीन चालू. म्हणजे रिकामटेकडा नव्हतो. तेव्हा खुळा म्हणा.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात माथेरानच्या एका हॉटेलातल्या वेटरांचे कोट शिवून द्यायला गेलो होतो. तिथं बँड वाजत होता. त्यातली गिटार ऐकून मी गाठोडं छातीशी धरून तसाच उभा राहिलो. त्याच हॉटेलात आमच्या वस्तीतला हिरामण वेटर होता. बँडवाल्यांकडून तो गिटार शिकला होता, त्यांची एक जुनी गिटारही त्यानं मिळवली होती. ती त्यानं मला वापरायला दिली, आणि दर सोमवारी सुट्टीला खाली उतरला की दुकानात बसून मला शिकवायला लागला. माझी हौस एकच. येत्या चौदा एप्रिलला विहारापुढं आमची गायन पार्टी बसेल, तेव्हा पेटी-ढोलकीच्या शेजारी आपण गिटार घेऊन बसायचं.

शिकणं कसलं, हाल नुसते. डाव्या हाताची बोटं तारांवर दाबून धरायची, त्याला कॉर्ड म्हणतात. एक कॉर्ड सोडून दुसरी धरेपर्यंत माझं गाणं पुढं निघून जायचं. बोटांची टोकं सोलपटून निघाली. महिन्याभरात मी हिरामणला म्हटलं, "घेऊन जा रं तुजं ह्ये लाकूड. माज्यानं व्हायचं नाय."

"मोजतोस का?" त्यानं विचारलं. "कापड मोजल्याबिगर कापत नायस ना? मग ह्येबी मोज. नायतर रोज वाटंल, आपण हाय तिथंच हाय."

घड्याळ माझ्याकडं नव्हतं, म्हणून आम्ही ट्रक धरला. वळणावर ट्रक दिसला की सुरू करायचं आणि तो दुकानापुढून जाईपर्यंत किती वेळा कॉर्ड बदलून झाली ते मोजायचं. रिकामा ट्रक लबाड, भुर्रकन निघून जातो. म्हणून माल भरलेलाच धरायचा. पहिल्या दिवशी तीन झाल्या. कापडावर खुणा करायच्या खडूनं मी मशीनमागच्या भिंतीवर तीन रेघा मारल्या. दसऱ्याला त्या नऊ झाल्या, दिवाळीला अकरा. गिऱ्हाईक विचारायचं, नामा, ह्या कसल्या रेघा? मी सांगायचो, तुला काय करायचंय, मापं दे तुझी.

हिरामणनं दुसरं माप सांगितलं होतं ते बोटांचं. "दुखायची थांबली की समज, पयली इयत्ता पास." थंडीच्या सुरुवातीला तुरपाई करता करता सहज खाली पाहिलं, तर सुई डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकात रुतून उभी. आणि मला पत्ताच नव्हता. इतका आनंद झाला की समोरच्या चहावाल्याला नेऊन दाखवली. त्याला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं.

तो आनंद आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी महारोग तपासणीची माणसं आली. हायवेलगतच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं लिहिलं आणि भोंग्यावर ओरडत वस्तीभर फिरली. अंगावर फिकट चट्टा, हातापायाला बधिरपणा, सुई टोचली तरी कळत नाही, अशांनी लपवू नये. मी गळ्यात टेप घालून दुकानात उभा होतो. डावा हात खिशात घातला.

महारोग म्हटलं की मला पोशा आठवतो. मी लहान असताना वस्तीत होता. बोटं झडलेली, झोपडं ओढ्यापलीकडं, भाकरी काठीनं पुढं ढकलायची. मेला तेव्हा दोन दिवस कुणाला कळलं नाही.

दुकानाची फळी ओढून घेतली आणि एकेका बोटाला सुई लावली. अंगठा दुखला. करंगळी दुखली. मधली तिन्ही मेलेली. तारांमुळं असेल, असं मनात आलं नाही असं नाही. पण तारांनी बोट दुखायला हवं, मरायला कशाला? तरी आठ दिवस गिटारीला हात लावला नाही. रोज सकाळी सुई टोचून बघायचो. काही फरक नाही. सोमवारी हिरामण यायच्या वेळी दुकान बंद करून शेताच्या बांधावर जाऊन बसलो. हात दाखव म्हणाला असता तर काय दाखवणार होतो?

घरी मी माझं ताट वेगळं केलं. माझ्या बापानं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या दारात वेगळ्या कपातून चहा प्यायला. आम्ही बौद्ध झालो त्या दिवशी त्यानं तसला एक कप आपटून फोडला होता. आणि मी माझ्याच घरात माझ्या हातानं माझा पितळी पेला कोनाड्यात नेऊन ठेवला. अंथरूण पडवीत टाकलं. चंद्रभागेला, माझ्या बायकोला, सांगितलं की खोकला झालाय. खोकला नव्हता, तिलाही ते दिसत होतं. तिनं काही विचारलं नाही. निमूट ताट सरकवायची, नजर वर करायची नाही. मी समजलो, हिला कळलंय आणि ही मला भ्यायलीय. तिला जवळ बोलावून सांगून टाकावं असं रोज वाटायचं, आणि रोज जीभ रेटायची नाही.

तपासणी विहारात होती, घरटी सगळ्यांची. मी कोंडाण्याला बहिणीकडं पळायचं ठरवलं होतं. पिशवी भरली, तर चंद्रभागा दारात.

"तपासायला जाताय ना?"

"तू जा."

"तुमी गेल्याबिगर मी नाय जायची."

पिशवी खाली ठेवली आणि निघालो. मी पुढं, ती दहा पावलं मागं.

तपासणारा पंचविशीतला होता. समोर टाचणी आणि कोंबडीचं पीस. मी हात पुढं केला. त्यानं बोटांची टोकं दाबली. मग बोटांच्या मुळाशी टोचलं, ते कळलं. तळहात कळला, मनगट कळलं, मागच्या बाजूनं पीस फिरवलेलंही कळलं. त्यानं परत टोकं पाहिली.

"तारेचं काही काम करता का?"

"गिटार शिकतोय," मी म्हणालो. चोरी कबूल करावी तसा आवाज निघाला.

तो हसला. "अहो, घट्टे पडलेत. कातडं जाड झालंय, एवढंच. तुम्हाला काहीही झालेलं नाही. वाजवा खुशाल."

माझ्या अंगावरचं सगळं ओझं उतरलं. मी मोठमोठ्यानं हसायला लागलो. मांडीवर थाप मारली. "सुटलो रं बाबा," सगळ्या विहाराला ऐकू जाईल असं म्हणालो, "मला वाटलं, आता जित्याचा मेलो. त्यापरीस मरान बरं." आणि हसत हसत मागं वळलो.

चंद्रभागा बाही वर सारून उभी होती. दिवाळीच्या चोळीला तिनं कोपराखालपर्यंत बाह्या मागितल्या होत्या. शिवल्या मी, पण का म्हणून विचारलं नव्हतं. कोपराच्या वर रुपयाएवढा फिकट चट्टा होता.

"डोळे मिटा," तपासणारा म्हणाला, "टोचलेलं कळलं की सांगा." त्यानं टाचणी लावली. ती गप्प. परत लावली. मी मनात म्हणत होतो, बोल गं, कळलं म्हण. ती गप्पच.

"कधीपासून आहे?"

"आखाडापासनं."

"घरी सांगितलं नाहीत?"

ती त्याच्याशीच बोलली, माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. "सांगनार व्हते. पन ह्यांनी ताट येगळं केलं, पडवीत निजाय लागले. मला वाटलं, ह्यांना कळलं."

तो समजुतीनं सांगत होता. लवकर सापडलाय, गोळ्यांनी बरा होतो, घर सोडायचं काही कारण नाही. मला निम्मं ऐकूच येत नव्हतं. त्यानं कार्ड लिहायला घेतलं आणि विचारलं, "दर महिन्याला गोळ्या न्यायला यांच्याबरोबर कोण येणार?"

मी येणार, एवढंच म्हणायचं होतं. पण मी भ्यालो होतो. खोटं कशाला सांगू, तिच्या दंडाकडं बघून भ्यालो होतो. शब्द यायला उशीर झाला.

चंद्रभागेनं बाही खाली ओढली.

"माजी मी येईन," ती म्हणाली. "त्यांचं नाव नका घालू त्यात."