बॉनेट उघडायचं नाही

बाबांची जुनी मोटार थंड असली की शहाण्यासारखी सुरू व्हायची. खोड होती ती तापल्यावरची. जरा थांबवून ठेवली, की इंजिनाच्या धगीने त्याला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि बाईसाहेब ढिम्म. मागच्या खेपेला दवाखान्याच्या दारात आई तासभर पंपावर ओला रुमाल धरून उभी होती. घरी आल्यावर तिने शांतपणे सांगितलं, की पुन्हा अडली तर गाडी विकायची. बाबांना रात्रभर झोप नाही.

गॅरेज माझं, त्यामुळे निस्तरणं माझ्याकडे आलं. इंजिनावरचा जुना पंप एकदा, मी टाकीजवळ मागे बसवलेला विजेवरचा नवा एकदा, अशी परीक्षा ठरली. अर्धा तास फिरवायची, बंद करायची, पंधरा मिनिटांनी किल्ली मारायची. दोन्ही पंप पास झाले. बाबा खूश, मी मात्र चक्रावले. जुना पास झालाच कसा?

दुसऱ्या दिवशी जुन्या पंपाची परीक्षा पुन्हा घेताना मी गाडीऐवजी बाबांवर नजर ठेवली. गाडी बंद केल्यावर तिसऱ्याच मिनिटाला स्वारी बॉनेट उघडून आत डोकावत होती. वारा लागून पंप गार होत होता.

"मी नुसतं बघत होतो," बाबा म्हणाले.

"तुम्ही बघता म्हणून तर ती पास होते."

ते फुगून बसले, पण मुद्दा पटला. बॉनेट बंद ठेवल्यावर जुना पंप सपशेल नापास झाला. मागचा पंप जोडून मी शेवटच्या परीक्षेला आईलाच बोलावलं. फेरी मारून आल्यावर बाबांना तिच्या शेजारी मागच्या सीटवर बसवलं आणि उठायचं नाही म्हणून दम भरला.

पाच मिनिटं ते नुसते चुळबुळत होते. मग आईने त्यांचा हात धरून ठेवला. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून बाबा बोलू लागले. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही, पण आई हसत होती. या गाडीत तिला हसताना मी कितीतरी वर्षांनी पाहत होते, आणि मला फार बरं वाटलं.

वेळ झाली. मी किल्ली फिरवली. मागचा पंप टकटकला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. बाबांचे डोळे भरून आले.

"एकदा सुरू झाल्याने काय कळतंय?" आई म्हणाली. "बंद कर. अजून पंधरा मिनिटं बसतो आम्ही."

बाबांचा हात तिने अजून सोडला नव्हता.