युरियाचं शून्य

सत्यशीलाबाईंना उतावळेपणा नडला, दुसरं काही नाही. चामोर्शीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या बाईंकडे २००३ साली विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट मोजायचं यंत्र आलं. पेनाएवढा इलेक्ट्रोड पाण्यात बुडवला, की त्याला जोडलेल्या डबीवर आकडा. गावातल्या विहिरी मोजून संपल्या, तरी बाईंचे हात शिवशिवतच होते. मग बाजाराच्या दिवशी त्यांनी रईसभाऊंच्या खताच्या दुकानासमोर, चारचौघांत, युरिया पाण्यात विरघळवला आणि इलेक्ट्रोड बुडवला. आकडा आला शून्य.

युरिया म्हणजे नत्राचं, नायट्रोजनचं खत, आणि नत्रच शून्य! तिथेच उभ्या असलेल्या शेतकरी बापूरावांनी तिथल्या तिथे आपल्या दोन थैल्या परत केल्या. त्यांच्यामागे रांग लागली. वीस वर्षं सचोटीनं धंदा केलेले रईसभाऊ एका दुपारी भेसळखोर ठरले.

घरी बाईंनी यंत्राबरोबरचं पुस्तक उघडलं. आधी उघडायला हवं होतं ते! इलेक्ट्रोडच्या टोकाचा पडदा फक्त नायट्रेट ओळखतो, आणि युरियातलं नत्र असतं वेगळ्याच रूपात. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. यंत्राच्या पेटीत अमोनियम मोजणारा दुसरा इलेक्ट्रोड होता. तो बुडवला, तरी आकडा हलेना.

सकाळी त्या दुकानात गेल्या. "रईसभाऊ, चूक माही हाये. पण युरियातलं नत्र लोकाइले दाखवू कसं, थे समजून नाई राह्यलं."

रईसभाऊंनी परत आलेल्या थैल्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "मले तुमचं शास्त्र समजत नाई, बाई. पण ढोराचे डॉक्टर सांगतेत, युरिया लावलेल्या चाऱ्याच्या कुटारासंगं कच्चं सोयाबीन देऊ नका, ढोर मरते. थे काऊन?"

काऊन? कच्च्या सोयाबीनमुळे युरियाचं काहीतरी होत असणार, बाईंच्या ध्यानात आलं. मग शेजारून खलबत्ता मागवून त्यांनी मूठभर सोयाबीन कुटलं आणि युरियाच्या पाण्यात टाकून त्यात अमोनियमचा इलेक्ट्रोड बुडवला. पाच, बारा, चाळीस... आकडा चढतच गेला. नुसत्या पाण्यात सोयाबीन टाकून पाहिलं, तर आकडा जवळपास जागचा हलला नाही. म्हणजे सोयाबीनमधलं काहीतरी युरियाला फोडत होतं आणि त्यातून अमोनिया निघत होता. दोघंही डबीवर वाकून पाहत राहिले. रईसभाऊ रागवायचंच विसरले.

पुढच्या बाजारी बाई त्याच जागी उभ्या राहिल्या. "मागच्या बाजारी मीच चुकली," त्यांनी मोठ्यानं सांगितलं आणि प्रयोग पुन्हा करून दाखवला. आकडा चढला, पण बापूराव बधेनात. एकदा शून्य दाखवलेल्या डबीवर कोण भरवसा ठेवणार? तेव्हा बाईंनी त्या युरिया-सोयाबीनच्या पाण्याची बाटली त्यांच्या नाकाखाली धरली.

बापूरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अरे बाप! हा त गोठ्याचा वास!" त्यांनी रईसभाऊंकडे एकदा पाहिलं, मान खाली घातली आणि परत केलेली एक थैली खांद्यावर घेतली.

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. रईसभाऊ मात्र आत गेले आणि डीएपी या दुसऱ्या खताची थैली उचलून घेऊन आले. बाई घाईघाईनं इलेक्ट्रोड पेटीत ठेवू लागल्या.

"भिऊ नका, बाई," ते म्हणाले, "लोक जमले हायेत तवर हेही पाहून घ्या. यात काय निघते, थे मलेही पाहाचं हाये."